माणदेशातील चार दिवस

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे काश्मीरची सरोवरे, म्हैसूरचे राजवाडे किंवा निदान महाबळेश्वरची गार हवा उभी राहते. मला ज्या प्रदेशाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत, तो या मालिकेत बसणारा नव्हे. तेथे सरोवर आहे, पण ते दुष्काळपीडितांच्या हातांनी झालेले; राजवाडे नाहीत; आणि हवा गार असते ती केवळ पहाटे. कोल्हापुरातून सकाळी एस.टी.त बसलेला मनुष्य दुपारी तेथे सहज पोहोचतो. तरीही आपल्यापैकी फारच थोड्यांनी तो मुलूख पाहिला असेल. तिकडील माणसे मात्र पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे येत आली आहेत. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक.

या प्रवासाची कल्पना निघाली ती मात्र सातासमुद्रांपलीकडून. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी हल्ली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना संस्थानात नोकरीस आहे. त्याने मला एक लांबलचक पत्र व काही छायाचित्रे पाठविली. तिकडे ‘कॅम्पर’ नावाचे चाकांवरील घर मिळते. त्यात बिछाना, चूल, पाण्याची टाकी सर्व काही असते. ते रात्री वाळवंटात उभे करावयाचे व दिवसा सायकलवरून भोवतालचा प्रदेश पाहावयाचा, असा त्याचा पंधरा दिवसांचा कार्यक्रम होता. साग्वारो नावाचे पुरुषभर नव्हे, दुमजली घराएवढे निवडुंग, तांबडे खडक, आणि मैलोगणती माणूस दिसू नये असा रस्ता. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, “सर, आपल्याकडे असे काही नाही.”

हे वाक्य वाचून मला गंमत वाटली. मी भूगोल शिकवितो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पाऊस कसा कोसळतो व पूर्वेस पर्जन्यछायेचा प्रदेश कसा निर्माण होतो, याची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढीत असतो. गगनबावड्यास वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, कोल्हापुरास सुमारे १००० आणि आटपाडी-म्हसवडकडे ५०० च्या आत. त्याच्या अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहरास जेमतेम २०० पडतो, हे खरे; तेव्हा शास्त्रीय अर्थाने आपल्या माणदेशास वाळवंट म्हणता येणार नाही. परंतु ज्याने तेथे चैत्र-वैशाख काढला आहे, त्याच्याशी या व्याख्येविषयी वाद घालण्याचे धैर्य मला नाही.

असा मनुष्य आमच्या घरातच होता. माझे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर, वयाच्या पंधराव्या वर्षी, माण नदीकाठच्या एका वस्तीवरून कोल्हापुरास आले व त्यानंतर एकदाही परत गेले नाहीत. लग्ने झाली, मृत्यू झाले, तरी ते गेले नाहीत. त्यांचे चुलतबंधू, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, तेच वर्षातून एकदोनदा येऊन जात. गेल्या श्रावणात तात्या आले ते एक काम घेऊनच. वस्तीवरील सामाईक जमिनीत बाबांच्या नावे दीड एकर निघते. टेंभू योजनेचे पाणी आल्यामुळे तात्यांना तेथे डाळिंबाची बाग लावावयाची होती, व त्यासाठी बँकेचे कर्ज हवे होते. बाबांनी एक तर हिस्सा विकून मोकळे व्हावे, नाही तर संमतिपत्रावर सही करावी. “दादा, पानी आलंया. आता तरी येऊन बगा एकदा,” असे ते म्हणाले. बाबांनी पानाचा डबा पुढे सरकवला आणि विषय बदलला.

हिस्सा विकावा असे माझे मत होते. मुलीच्या पुढील शिक्षणाचा खर्च समोर दिसत होता, आणि पन्नास वर्षांत ज्या जमिनीवर आमच्यापैकी कोणी पाऊल ठेवले नाही ती नावावर ठेवण्यात मला अर्थ दिसेना. तसे मी बाबांस स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, “बघितल्याशिवाय कशी विकू?” तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आपण सर्वांनीच जावे, मी सायकलने व बाबांनी गाडीने, असे ठरले.

गाडी माझ्या मेहुण्यांची. तिचे नाव योगायोगाने कॅम्परच, बोलेरो कॅम्पर. अमेरिकेतील कॅम्परशी तिचे नाते नावापुरतेच. पुढे पाचसहा माणसे व मागे उघडा हौदा, ज्यातून एरवी सिमेंटच्या गोण्या, खताची पोती आणि बांधकामावरील मंडळी जातात. आम्ही हौद्यात गाद्या घातल्या, वर ताडपत्री बांधली, पाण्याचे दोन जार, स्टोव्ह, पिठाचा डबा व चटणीची बरणी ठेवली. सायकली तीन होत्या: माझी, आमच्या शाळेतील चित्रकला शिक्षकांची आणि नुकत्याच शाळा सोडून गेलेल्या एका उत्साही विद्यार्थ्याची. सायकलवरून दूरचा पल्ला गाठणे ही काही आजची हौस नव्हे. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा या तिघांनी इराण-मेसोपोटेमियाची वाळवंटे ओलांडून सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली व १९२८ साली ते मुंबईस परतले. त्यांच्यामागून पीठ-चटणी घेऊन कोणाचे मेहुणे येत नव्हते, हे लक्षात ठेवले म्हणजे आमच्या पराक्रमाचे योग्य मोजमाप होईल.

पहिला दिवस सुखाचा गेला. हातकणंगले, जयसिंगपूर, दुतर्फा ऊस, गुऱ्हाळाचा वास. अंकलीच्या पुलावर कृष्णेचे पात्र तुडुंब नसले तरी भरलेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये हेच पाणी शिरोळ तालुक्यात व सांगली शहरात घराघरांत शिरले होते, आणि त्याच महिन्यात पूर्वेकडील जत-आटपाडीस पिण्याचे पाणी टँकरने न्यावे लागत होते. एका जिल्ह्याच्या एका टोकास होडी व दुसऱ्या टोकास टँकर! मिरजेत आम्ही चहा घेतला व पंढरपूरचा रस्ता धरला.

पर्जन्यछाया ही नकाशावर रेघेसारखी दाखवितात, परंतु सायकलवर ती हळूहळू अंगावर येते. मिरज सुटल्यावर ऊस विरळ झाला. मग द्राक्षांचे मांडव आले. मग मांडवही तुटक झाले आणि मधूनमधून उघडा मुरूम दिसू लागला. झाडे बुटकी झाली. बांधांवर बाभूळ, बोर, हिवर. शाळूचे कोवळे पीक गुडघ्याएवढे होते. कवठेमहांकाळच्या अलीकडे वारा समोरून, पूर्वेकडून, येऊ लागला आणि आमच्या गप्पा आपोआप बंद पडल्या. रात्रीचा मुक्काम एका ओळखीच्या गृहस्थांच्या खळ्यावर केला. बाबा गाडीतच निजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघावयास पाहतो तो तिन्ही सायकलींची चाके बसलेली. सराटे! पावसाळ्यात जमिनीसरशी पसरणारी ती पिवळ्या फुलांची वेल मुलांना ठाऊक असेल. तिची वाळलेली फळे म्हणजे टाचणीसारख्या काट्यांची गोळीच. कशीही पडली तरी एक काटा वर राहतो. आम्ही स्टोव्हशेजारी बसून सात पंक्चर काढली. चित्रकला शिक्षकांनी काढलेला प्रत्येक काटा ओळीने मांडून त्याचे चित्र काढले. यामुळे अर्धा तास अधिक गेला.

येथे एक नवल सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रातही सायकलच्या चाकात शिरणाऱ्या काट्यांची मोठी तक्रार होती, व सोबत एका काट्याचे छायाचित्र होते. तो सराटाच! ही वनस्पती जुन्या जगातील. अमेरिकेत ती मागाहून पोहोचली व तेथील कोरड्या प्रांतांत अशी माजली की १९६१ साली तिच्या नाशासाठी इटलीकडून खास भुंगे नेऊन सोडावे लागले. उलटपक्षी आपल्या माळावर जे अस्सल देशी वाटते, त्यातील निम्मे अमेरिकेचे आहे. बांधावरचा फड्या निवडुंग तिकडचा. घायपाताचे भाले मेक्सिकोकडचे. ओढ्यानाल्यांत माजलेली वेडी बाभूळ तिकडचीच, एकोणिसाव्या शतकात इकडे आणलेली. निवडुंगाने तर दक्षिणेत इतकी जमीन व्यापली होती की १९२० नंतरच्या दशकात त्यावर कोचिनील जातीचा किडा सोडून तो आटोक्यात आणावा लागला. त्यांनी आम्हांस काटे दिले व त्यांना आमच्याकडचे काटे मिळाले. आणि दोघांनाही शेवटी किड्यांनीच सोडविले.

नागजच्या पुढे माळ मोकळा झाला. दूर ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. धनगरांचा एक तांडा मेंढरे घेऊन चालला होता. जतकडील माडग्याळी जातीची ती उंच, बाकदार नाकाची मेंढरे पाहून आमचा विद्यार्थी ती वासरे समजला. लोहमार्ग कधी रस्त्याजवळ येई, कधी दूर जाई. हाच मिरज-पंढरपूर मार्ग. एके काळी येथून बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी धावे. एप्रिल २०१६ मध्ये याच मार्गाने मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेस १० डबे व ५ लाख लिटर पाणी. वर्तमानपत्रांत तेव्हा तिची छायाचित्रे आली होती. बाबांनी त्यातील एक कापून अनेक दिवस आपल्या चष्म्याच्या घरात ठेवले होते, ते मला आठवले.

त्या रात्री उघड्या माळावर ताडपत्रीखाली भाकरी खाताना बाबा प्रथमच बोलू लागले. मेहुण्यांनी अमेरिकेतील वाळवंटाचा विषय काढला होता. बाबा म्हणाले, “अमेरिका मला ठाऊक आहे. आम्ही ती खाल्लेली आहे.” मग त्यांनी मिलोची गोष्ट सांगितली. १९७२ साली पीक गेले तेव्हा शिधावाटपाच्या दुकानात परदेशी तांबडी ज्वारी मिळे, तिला लोक मिलो म्हणत. टेक्सास-कॅन्सासच्या कोरड्या मैदानांत ती पिकते, हे मी पुढे पुस्तकात वाचले. “भाकरी थापली की कडेने फाटायची,” बाबा म्हणाले. “आई पाणी लावून लावून सांधायची. एवढं पाणी भाकरीला लावू का प्यायला ठेवू, असं म्हणायची.” ते व माझे आजोबा रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात. दुपारी मुलांना सुकडी मिळे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसे होती. रोजगार हमी योजना त्याच अनुभवातून पुढे वाढली. बाबा त्या पन्नास लक्षांपैकी एक. मी हा आकडा वर्गात अनेकदा सांगितला आहे. तो माझ्या शेजारी बसून चटणीचा कांदा सोलीत होता.

खडीचे काम सुरू होण्यापूर्वी आजोबांनी खिलारी बैलांची जोडी खरसुंडीच्या बाजारात विकली होती. चारा नव्हता. बाबा त्यांच्यामागे चालत गेले होते व येताना दोन दावी खांद्यावर टाकून परतले होते. किंमत किती आली, हे त्यांनी सांगितले नाही. “बैल वळून बघत होते,” एवढेच म्हणाले, व अंथरुणावर गेले.

तिसऱ्या दिवशी आटपाडी. हा भाग १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला हे पुष्कळांस माहीत असते. परंतु आटपाडीनजीक स्वतंत्रपूर येथे, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश सद्गृहस्थाच्या प्रेरणेने, १९३९ च्या सुमारास बंदिवानांची एक खुली वसाहत वसविण्यात आली, हे थोड्यांना ठाऊक आहे. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. बंदिवानांनी कुटुंबासह राहून शेती करावी. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर या मातीतलेच. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांच्या ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकावाचून मराठी वाचकाच्या मनातील माणदेश संभवतच नाही. या कोरड्या मुलखात माणसे मात्र भरघोस निपजली. जी लेखक झाली नाहीत ती सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात हिंदुस्थानभर पसरली. कोठल्याही दूरच्या शहरातील सराफकट्ट्यावर विचारावे, विटा-आटपाडीकडचा गलाईवाला सापडतो.

वस्तीवर आम्ही दुपारी पोहोचलो. शेवटचे दोन मैल बाबांनी गाडी हळू चालविण्यास सांगितले होते, म्हणून आमच्या सायकली पुढे होत्या. मी वळून पाहिले तेव्हा ते काच खाली करून बाहेर पाहत होते. ओळखण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. जिथे त्यांच्या आठवणीत कुसळे होती तेथे डाळिंबाच्या रांगा, ठिबकच्या काळ्या नळ्या, शेततळ्यावर निळे कापड. तात्यांच्या घरापुढे मोटारसायकली. तात्यांनी बाबांच्या पायांस हात लावला, पण दोघेही काही बोलले नाहीत.

चहा झाल्यावर बाबा उठले व कोणास न विचारता विहिरीकडे गेले. ती विहीर माझ्या पणजोबांनी खणावयास घेतली व आजोबांनी पुरी केली. १९७२ मध्ये तिच्या तळाशी उतरून बाबा व त्यांची आई वाटीने पाणी भरीत असत. एक घागर भरावयास सकाळ जाई. आता काठापासून चारपाच हातांवर पाणी होते. तलावात योजनेचे पाणी सोडल्यापासून आसपासच्या विहिरी वाढल्या, असे तात्या म्हणाले. बाबांनी एक खडा उचलला, आत टाकला व आवाज ऐकला. मग दुसरा टाकला. मग त्यांनी तात्यांना प्रश्न विचारावयास प्रारंभ केला, आणि मी प्रथमच त्यांच्या आवाजात शेतकरी ऐकला. पाळी किती दिवसांनी येते? चैत्रात आली नाही तर? विजेचे बिल कोण भरते? पाणीपट्टी किती? डाळिंबाला तेल्या रोग पडला म्हणजे काय करता?

हे प्रश्न पोकळ नव्हते. टेंभूचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने चढविले जाते. पाच टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यास पंप व प्रत्येक पंपास वीज लागते. अ‍ॅरिझोनातही नेमके असेच आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी उचलून ५४१ किलोमीटर लांबीच्या कालव्याने फिनिक्स व टूसॉनला नेतात; ते काम १९९३ साली पुरे झाले. पुढे नदीच आटू लागली, व २०२२ पासून त्या संस्थानाच्या वाट्यास कात्री लागली. मी हे तात्यांना सांगितले. ते म्हणाले, “सर, न्हवतं तवा काय भ्यायलो न्हाई. आता हाय तर कशाला भ्यायचं?” या उत्तरावर मजजवळ काही नव्हते, आणि अजूनही नाही.

संध्याकाळी ओसरीवर कागद पुढे आला. मी पुन्हा एकदा सांगितले की विकून टाकावे, तात्यांनाही ते सोयीचे होईल. बाबांनी माझे सर्व ऐकून घेतले. नंतर म्हणाले, “विकायची नाही. तात्या, बाग लाव. सही देतो. खंड नको. पण विहिरीकडचा अर्धा एकर शाळूला ठेवायचा. त्यात डाळिंब नाही, ऊस नाही, काही नाही. शाळू.” तात्यांनी अर्ध्या एकरात किती रोपे बसतील याचा हिशेब बोलून दाखविला. बाबा म्हणाले, “डाळिंब खाऊन वर्ष निघत नाही.” मग त्यांनी चष्मा लावून कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी प्रश्न विचारले व सही केली. व्यवहाराच्या दृष्टीने माझे मत आजही निराळे आहे. मुलीच्या शिक्षणासाठी मी कर्ज काढले आहे.

चौथ्या दिवशी आम्ही दिघंचीवरून म्हसवडकडे गेलो व वाटेत राजेवाडीचा तलाव पाहिला. १८७६-७७ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने माण नदीवर हे काम काढले. खडी फोडून पोट भरणारी माणसे तेव्हाही होतीच. बंधाऱ्यावर वारा होता. पाण्याच्या उथळ कडेला पांढरे पक्षी उभे होते. आमचे चित्रकला शिक्षक तेथे तासभर बसले. बाबा बंधाऱ्याच्या दगडांवरून हात फिरवीत चालत होते. खडी फोडलेल्या माणसास घडीव दगडाची किंमत कळते, असे ते मेहुण्यांना सांगत होते. म्हसवडास सिद्धनाथाच्या देवळासमोर घोंगडी विकावयास ठेवली होती, त्यातील एक त्यांनी घेतले. तेथून सायकली गाडीत चढवून आम्ही सर्वजण हौद्यात व बाकांवर दाटीवाटीने बसून रात्री उशिरा कोल्हापुरास परतलो. अ‍ॅरिझोनातील विद्यार्थ्यास मी सविस्तर पत्र लिहिले आहे व सोबत सात काट्यांचे चित्र पाठविले आहे.

जानेवारीत तात्यांनी एस.टी.च्या वाहकाबरोबर हुरड्याची एक पिशवी पाठविली. बाबांनी कणसे परातीत ओतली, एक उचलून तळहातावर चोळले, फुंकर मारली व दाणे तोंडात टाकले. काही वेळ चावून झाल्यावर म्हणाले, “गोडी कमी आहे. पाणी जास्त दिलंय त्यानं.”